लंपीच्या साली आत्याबाई

माझ्या सासूबाई चांगुणाबाई. घरात आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर घरटी दोन-तीन गायी. जनावरांना लंपीचा रोग आला त्या साली घोडेगावचा गुरांचा बाजार बंद झाला. गायीच्या अंगावर गाठ दिसली, की लोक गोठ्याचं दार लावून गप्प बसायचे. आपलं दूध कोणी घेणार नाही, ही भीती.

आमच्या तांबूच्या मानेवर गाठी उठल्या. आत्याबाईंनी तिला गोठ्यातून काढून लांब रानात कडुलिंबाखाली बांधलं आणि दारोदार जाऊन सांगितलं, "आमच्या गायीला लंपी हाय. तुमची जनावरं तिकडं नेऊ नका."

शेजारचे आप्पासाहेब भडकले. "वैनी, कशाला बोभाटा करता? समद्या वस्तीचं नाव खराब व्हईल!"

"भावजी, माझ्या गायीला चावलेली माशी उद्या तुमच्या बैलाला चावंल. माशीला बांध कळत न्हाई."

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर सुमेधाताई येऊन निरोगी जनावरांना लस टोचून गेल्या. जाताना त्यांनी समजावलं: चावरी माशी कुजक्या वैरणीत वाढते, डास हौदाशेजारच्या डबक्यात, अन् गोचीड भिंतीच्या भेगांत दडतात. आत्याबाईंनी लगेच बायकांना हाक दिली. उकिरडे लांब हलवले, डबकी मुरमानं बुजवली, जुन्या मच्छरदाण्या जोडून गोठ्यांना पडदे शिवले. आप्पासाहेबांच्या भिंतीच्या भेगा लिंपायलाही त्याच गेल्या. मग आप्पासाहेबांनीच चिखलाचं घमेलं उचललं.

तांबू मात्र वाचली नाही. आत्याबाई शेवटपर्यंत तिच्या जखमा धूत होत्या, हातानं हिरवा घास भरवत होत्या. तिला पुरून आल्यावर खूप रडल्या. सकाळी पुन्हा खराटा घेऊन गोठ्यात उभ्या! पुढं वस्तीवर आणखी दोन जनावरं आजारी पडली, पण उठली. बाकीच्यांना रोग शिवला नाही.

आता शेजारच्या वस्त्यांवरून बोलावणी येतात, "चांगुणाबाई, आमचा गोठा बघून जा." मी स्कूटी चालवते, त्या पदर खोचून मागे बसतात. परवा एका गोठ्यापाशी कुणीतरी विचारलं, "या कोण?"

"माझ्या सासूबाई!" मी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की आत्याबाई म्हणाल्या, "अगं हळू, गुरं बुजतील."