दोन काजांचं घर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कोट शिवणारं दुकान आहे. कापणारे मास्तर आतल्या मोठ्या टेबलाशी, दोन कारागीर मशीनवर, आणि दाराजवळच्या उजेडात बुटक्या स्टुलावर काजताई. चाळीस वर्षं त्यांनी कोटांची काजं केली. बटणासाठी कापडाला चीर द्यायची, मेण लावलेल्या दोऱ्याने तिच्या कडा टाक्याला टाका लावून भरायच्या, की झालं एक काज. काज झालं की टेबलाच्या पायावर खडूची एक रेघ, आणि मजुरी रेघांवर. त्यांचं खरं नाव मास्तरांनाही विचार केल्याशिवाय आठवत नाही.

काजताईंना मूलबाळ नाही. नवरा लवकर गेला. भावाच्या शेजारी एक भाड्याची खोली घेऊन त्या राहतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एका संस्थेमार्फत परदेशातल्या एका मुलीच्या शाळेचा खर्च उचलला. मुलीची पत्रं संस्था इंग्रजीत करून पाठवते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालेलं, म्हणून ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. पत्र आलं की काजताई हात धुऊन वर यायच्या आणि दारातूनच सांगायच्या, "काकू, लेकीचं आलंय." मी वाचताना त्या माझ्याकडे बघत नसत, कागदाकडे बघत. इंग्रजीचं एकही अक्षर कळत नसलं तरी.

गेल्या वर्षीच्या पत्रात वाईट बातमी होती. नदीला पूर येऊन लेकीच्या वस्तीतली घरं वाहून गेली होती आणि सगळी कुटुंबं शाळेच्या वर्गांमध्ये राहत होती. संस्था नवी घरं बांधणार होती, पण प्रत्येक घराचा एक वाटा त्या घरातल्या मुलाच्या पालकदात्याने पुढचा महिना संपल्यावर पाच दिवसांत भरायचा होता. म्हणजे हातात सहा आठवडे. तेवढ्यात यादी बंद होणार. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांना नातेवाइकांकडे जावं लागणार, आणि लेकीचा मामा राहत होता तिथे शाळाच नव्हती.

काजताईंनी पत्र घडी करून पदराखाली धरलं. "म्हणजे आठ वर्षं पाण्यात," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या वहिनीने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. स्वतः राहायची भाड्याच्या खोलीत, आणि बांधायची सातासमुद्रापार घरं."

"तिथे तरी माझं एक घर होईल," काजताई म्हणाल्या.

दुकानात कोटांच्या कापडाची कातरणं पोत्याने पडलेली असतात. मास्तरांना विचारून काजताईंनी त्यांतून चष्म्याची घरं शिवायला घेतली. आतून मऊ अस्तर, वर झाकण, झाकणाला दोन काजं आणि दोन बटणं. एकाच बटणावर झाकण मिटलं तर कोपऱ्यातून चष्म्याची काडी बाहेर डोकावते, म्हणून दोन. दहा-बारा तयार झाल्यावर त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने पाटी लिहिली आणि दुकानाबाहेर टांगली: 'घरं मिळतील. आत चौकशी करा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर सात माणसं उभी होती. पहिले एक निवृत्त गृहस्थ, हातात कागदपत्रांची पिशवी.

"किती खोल्यांचं आहे?"

"एकाच," काजताई म्हणाल्या. "पण आत अस्तर आहे."

"भिंतींना?"

"सगळीकडून."

"उजेड कसा आहे?"

"झाकण मिटलं की अंधार."

गृहस्थांनी मागच्यांकडे वळून पाहिलं. मास्तर टेबलावर डोकं टेकून हसत होते. शेवटी काजताईंनी एक घर त्यांच्या हातात ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग खिशातला चष्मा काढून आत घातला. "बसतो की," म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिलं घर परवडलं." सातांपैकी चौघांनी घरं घेतली.

हा किस्सा समोरच्या चष्मेवाल्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. ते रस्ता ओलांडून आले, एक घर उलटसुलट करून पाहिलं, काजावरून अंगठा फिरवला. पुढचा महिना संपला की पहिल्या तारखेला त्यांची दुसरी शाखा उघडणार होती. तिथे प्रत्येक चष्म्याबरोबर असं घर द्यायची कल्पना त्यांनी तिथेच उभ्या उभ्या काढली. "चारशे द्या. पण एकतीसच्या संध्याकाळपर्यंत, आणि सगळी अशीच. मिळाली की लगेच पैसे." चारशे घरांच्या दामात लेकीच्या घराचा वाटा भरत होता. पाच आठवडे हातात होते.

त्या दिवसापासून एकही दिवस न चुकता संध्याकाळी काजताई खालून आकडा सांगायला लागल्या. "काकू, सोळा." मी डायरीत लिहायची, सोळा, आणि शेजारी बेरीज. वीस तारखेला बेरीज तीनशे चौऱ्याऐंशी झाली. उद्याचे सोळा धरले की काम फत्ते, अजून दहा दिवस शिल्लक. त्या संध्याकाळी मी मोजून खोक्यांत भरायला खाली गेले. एका खोक्यात पन्नास मावत होती. तीन खोकी भरली, चौथ्यात बेचाळीस गेली, आणि पुढे टेबल मोकळं.

"बाकीची कुठे ठेवलीत?"

"कोणती बाकीची?"

मी डायरी दाखवली. काजताईंनी टेबलाच्या पायावरच्या रेघा पाहिल्या. मग खोक्यांकडे पाहिलं. त्यांचा हात हळूच तोंडावर गेला. चाळीस वर्षं त्या कोट मोजत नव्हत्या, काजं मोजत होत्या. रोज सोळा काजं झाली होती, घरं आठ. मीही कधी विचारलं नव्हतं, सोळा काय म्हणून. नीटनेटक्या अक्षरात चूक लिहीत गेले होते.

दोनशे आठ घरं राहिली होती आणि दिवस अकरा.

मास्तर मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून पुढे आले. "ताई, एकेकच काज ठेवा. अर्धं काम कमी."

"काडी बाहेर येते, मास्तर."

"मग बाजारात मशीनवर काजं मारून आणू. दुपारभरात होतील. कोण बघतंय?"

"चष्मेवाल्यांनी अंगठा फिरवून बघितलंय. नमुना हातचा आणि माल मशीनचा, हे माझ्याकडून नाही व्हायचं. ते काही बोलणार नाहीत, पण लेकीच्या घराला पहिलीच वीट खोटी लागेल."

मास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. मग कारागिरांना म्हणाले, "उद्यापासून सकाळी दोन तास लवकर. घरं आपण शिवायची, अस्तर लावून. बटणं काकू लावतील." मला कोणी विचारलंच नाही. बरं वाटलं.

तेव्हापासून काजताईंनी फक्त काजं केली. रोज चाळीस. तरुणपणी त्या पन्नास करत, पण तेव्हा डोळे निराळे होते. दर तासाला त्या उठून डोळ्यांवर पाणी मारत आणि परत बसत. सहाव्या दिवशी बोटावरची शिवणाची टोपी झिजून सुई आरपार बोटात गेली. चिंधी गुंडाळून त्यांनी काम चालू ठेवलं, फक्त कापडाला डाग लागू नये म्हणून हात जरा लांब धरला. त्या दिवशी वहिनी दुकानात आली, माझ्या शेजारी बसली आणि बटणांचा डबा स्वतःकडे ओढला. थोड्या वेळाने म्हणाली, "व्याह्याचं घोडं म्हटलं तरी त्याला दाणावैरण घालावी लागतेच."

एकतीस तारखेला दुपारी तीन वाजता चष्मेवाल्यांनी प्रत्येक खोक्यातलं एकेक घर काढून काजावरून अंगठा फिरवला आणि पैसे दिले. ते पैसे संस्थेत भरून आल्यावर काजताईंनी पोत्यातलं उरलेलं एक कातरण घेतलं आणि चारशे एकावं घर शिवलं. ते लेकीला लिहिलेल्या पत्राबरोबर गेलं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं, सोबत फोटो. पत्र्याच्या छपराचं, पांढऱ्या भिंतींचं घर, दारात लेक, आणि तिच्या हातात चष्म्याचं घर. पत्रात होतं, 'आमच्या घरात कोणालाच चष्मा नाही, म्हणून मी यात घराची किल्ली ठेवते.'

काजताईंनी माझं भिंग मागून घेतलं आणि फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ पाहत होत्या. डोळे पुसले असतील, माझ्याकडे पाठ होती.

"डावं काज ढिलं पडलंय," शेवटी म्हणाल्या. "घाईतलं असणार. काकू, लिहा तिला, परत पाठव म्हणावं. नीट करून देते."

मी तसं लिहिलं. परवा लेकीचं उत्तर आलं: परत पाठवलं तर तोवर किल्ली कुठे ठेवू?

"खरंच की," काजताई म्हणाल्या आणि खाली कामाला गेल्या.