जानेफळच्या वहिनी आणि बटणाच्या पाच अवस्था

बटणं दाबणारी माणसं या जगात कोट्यवधी असतील. पण आपण दाबलं हे बटणाला कळलं की नाही, आणि बटणाला कळलं हे आपल्याला कळलं की नाही, या काळजीनं झुरणारी व्यक्ती माझ्या माहितीत एकच आहे. ती मेहकर तालुक्यात जानेफळला राहते आणि नात्यानं माझ्या चुलतभावाची बायको लागते. वहिनी पंचेचाळिशीच्या पुढच्या, डी. एड. होऊनही नोकरी न लागलेल्यांपैकी. बरीच वर्षं त्यांनी गावातल्या बायकांची पोलकी शिवली. मग मुलीनं नवा लॅपटॉप घेतला, जुना घरी राहिला, आणि वहिनी मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून वेबसाइटची पानं रचायला शिकल्या. आता पुण्याची एक कंपनी त्यांना घरबसल्या काम देते. शिलाई मशीनचं डोकं खाली दुमडून त्याच्याच टेबलावर लॅपटॉप ठेवलेला असतो, आणि विचार करताना वहिनींचे पाय आपोआप खालचं पायडल मारत राहतात. सुरुवातीला कॉलवर ती खटखट ऐकून पुण्याच्या मंडळींनी विचारलं होतं, तुमच्या घरामागून रेल्वे जाते का? ‘रेल्वे शेगावले,’ वहिनी म्हणाल्या, ‘हे माहे पाय हायेत.’

कंपनीत त्यांच्याकडे काम आहे ते बटणांचं. वेबसाइटवरची बटणं, दुवे, रकाने कसे दिसावेत, आणि माणूस त्यांच्याशी काही करू लागला की कसे बदलावेत, एवढंच. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘एवढंच?’ असं मी म्हणून गेलो. वहिनींनी मला समोर बसवलं आणि चहा बाजूला सरकवला.

‘बटनाच्या पाच अवस्था असतात, भाऊजी. एक, गप बसलेलं. दोन, माऊसचा बाण वर आला तवा. तीन, कीबोर्डानं चालत चालत आपन त्याच्यापाशी पोचलो तवा. चार, दाबून राह्यलो तवा. अन् पाच, ते बंद असते तवा. पाचही येळी त्याचं तोंड येगळं दिसलं पायजे. नाई त माणसानं वयखाव कसं?’

त्यांची लिहिण्याची रीत मला त्यांच्या शिवणकामाचीच बहीण वाटते. बटणाचं सगळं वर्णन दुसरीकडे कुठेतरी लांबलचक लिहून ठेवायचं नाही. छोटे छोटे तयार शब्द असतात आणि एका शब्दाला एकच काम असतं: एक रंगाचा, एक कोपऱ्याच्या गोलाईचा, एक आतल्या मोकळ्या जागेचा. ते बटणापाशीच एका ओळीत टाचत जायचे. अवस्था बदलली की काय व्हावं हे सांगायला त्याच शब्दाआधी अवस्थेचं नाव लिहायचं आणि मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची. बाण वर आला की ‘होवर’, दोन टिंबं, गडद निळा. कीबोर्डानं पोचलो की ‘फोकस’, दोन टिंबं, जाड कडा. ही ओळ वाढत वाढत स्क्रीनच्या बाहेर जाते आणि वहिनी ती एका दमात मोठ्यानं वाचून तपासतात. शेजारच्या आजी एकदा ते ऐकून दारातच थबकल्या. आत काहीतरी पवित्र पाठ चाललाय असं समजून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि साखर मागायला आल्याचं विसरून परत गेल्या.

या ज्ञानाची शिक्षा सगळ्या नातेवाइकांना भोगावी लागते. वहिनींबरोबर एटीएममध्ये जाऊ नये. मागे रांग लागलेली असताना त्या प्रत्येक बटण कलत्या मानेनं न्याहाळतात. शेगावला एका लग्नासाठी आम्ही लॉजवर उतरलो होतो. तिथल्या लिफ्टचं बटण दाबलं तरी दिवा लागत नसे. पाहुणे मंडळी दोनदा, चारदा, दहादा दाबत आणि शेवटी लिफ्टला शिव्या देत. निघताना वहिनींनी अभिप्रायाची वही मागून घेतली. वर कुणी ‘सोय उत्तम’, कुणी ‘गरम पाणी वेळेवर’ असं लिहिलेलं. खाली वहिनींनी पानभर लिहिलं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत: ‘बटण दाबलं गेल्याचं कळत नाही म्हणून माणूस पुन्हा पुन्हा दाबतो. हा माणसाचा दोष नाही.’ मॅनेजरनं ते वाचलं, वहिनींकडे पाहिलं आणि उठून नमस्कार केला. त्याला वाटलं, सरकारी तपासणी आहे.

पुण्याच्या कॉलवरही त्या आपलीच बोली बोलतात. ‘हे बटन काऊन दबून नाई राह्यलं?’ हे त्यांचं पहिलं वाक्य ऐकून पलीकडे कुणीतरी हसलं होतं. वहिनी हसू संपेपर्यंत थांबल्या आणि तेच वाक्य पुन्हा, तितक्याच शांतपणे बोलल्या. बटण खरंच दबत नव्हतं. आता त्यांच्या टीमची पुण्यातली प्रमुख, जेमतेम तिशीची मुलगी, कुठलंही काम पुढे पाठवण्याआधी विचारते, ‘वहिनी, दबून राह्यलं ना?’

हे सगळं मी कौतुकानं सांगत असे, पण गमतीनंच. माझी गंमत थांबली ती अभ्यासिकेच्या वेळी.

मेहकरला आमच्या विहाराच्या समितीची मुलींसाठी अभ्यासिका आहे आणि मी तिचा चिटणीस. खेड्यापाड्यांतल्या मुली प्रवेशाचा अर्ज भरायला एसटीनं येत, एक कागद राहिला की तशाच परत जात, आणि पुन्हा येईपर्यंत जागा भरलेल्या असत. म्हणून अर्ज ऑनलाइन घ्यायचा ठरला आणि वहिनींनी हे काम आपण होऊन घेतलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारा तालुका नुसतं गुरुजी म्हणतो. सोमवारी अर्ज सुरू व्हायचे होते. शुक्रवारच्या बैठकीत वहिनींनी अर्ज दाखवला, आणि सगळ्यांनी वाहवा केल्यावर म्हणाल्या, ‘झाला नाई अजून. बटनाचं काम बाकी हाये. बुधवार उजाडन.’

गुरुजी भडकले. ‘पोरी, आपल्याले अर्ज भराचा हाये, बटनाचं लगन नाई लावाचं! पोरी तिकडं वाट पाहून राह्यल्या.’

बैठक उठली ती वहिनींकडून काम काढून घ्यायचं ठरवूनच. बसस्टँडजवळचा एक दुकानदार संध्याकाळपर्यंत अर्ज तयार करून द्यायला तयार होता. हा निरोप द्यायला शनिवारी मी जानेफळला गेलो. एवढा जड पाय घेऊन मी त्या घरात कधी शिरलो नव्हतो. वहिनींनी ऐकून घेतलं. पायडल थांबलं.

‘सोमवारच्या पुढं दोन दिवस द्या भाऊजी, मले. मंग खुशाल काढा. फक्त पयला अर्ज गुरुजीनं सोताच्या हातानं भरला पायजे, चाचणी म्हनून.’

‘गुरुजींनीच का?’

‘तेच त नाराज हायेत ना?’ एवढंच म्हणून त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

मी समितीकडून दोन दिवस मागून घेतले, ते कसे ते माझं मला माहीत. बुधवारी सकाळी अभ्यासिकेच्या कचेरीत दहा-बारा माणसं जमली. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि माऊस गुरुजींपुढे ठेवला. गुरुजी माऊसकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुमीच भरा. माहा चष्मा घरी राह्यला.’ चष्मा त्यांच्या वरच्या खिशातून डोकावत होता.

वहिनींनी माऊस उचलून बाजूला ठेवला. ‘गुरुजी, याचं काही काम नाई. हे टॅबचं बटन दाबत जा फक्त. एका बोटानं.’

गुरुजींनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. नावाच्या रकान्याभोवती जाड निळी चौकट उभी राहिली. नाव लिहून झालं, टॅब दाबलं. चौकट उडी मारून गावाच्या रकान्याभोवती गेली. गुरुजी जातील तिथे ती त्यांच्या आधी जाऊन उभी राही. खाली ‘अर्ज पाठवा’ हे बटण मात्र फिकट, निजल्यासारखं पडलेलं. गुरुजींचा मोबाईल नंबर राहिला होता. तो भरला तसा त्या बटणाला रंग चढला, चौकट त्याच्याभोवती आली, गुरुजींनी एंटर दाबलं. बटण किंचित आत गेल्यासारखं दिसलं आणि त्यावर अक्षरं आली: ‘पाठवत आहे’. गुरुजींनी सवयीनं पुन्हा दाबलं. बटण काही हललं नाही.

‘गेला?’ गुरुजींनी विचारलं.

‘गेला, गुरुजी.’

मग गुरुजींनी उजवा हात सदऱ्याच्या खिशातून बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. थांबतच नव्हता. वर्षभर मी त्या माणसाच्या शेजारी बसत होतो. त्यांची पत्रं मी लिहीत होतो, ते सांगत होते, आणि मला वाटत होतं, अध्यक्ष झाले म्हणून ऐट करतात.

‘चालू करा अर्ज,’ गुरुजी म्हणाले. ‘अन् या पोरीले कोनी घाई करू नका.’

वहिनींना बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. ‘तुम्हाला कसं कळलं?’

‘शुक्रवारी चहा त्याहिनं डाव्या हातानं घेतला. उजवा खिशातच होता.’

‘मग तेव्हाच सांगायचं ना! एका शब्दात सगळे गप्प झाले असते. तुमचं काम जात होतं, वहिनी.’

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या अगदी सोप्या गणितात चुकलो होतो. ‘त्याहिनं हात लपोला होता ना, भाऊजी? मंग मी काऊन दाखवू?’

गाडी लागली आणि त्या चढून बसल्या.

गेल्या उन्हाळ्यापासून वहिनींच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय. साखरेमुळे, असं बुलढाण्याचे डॉक्टर म्हणतात. अक्षरं वाचता येतात, पण एका रंगाच्या दोन छटांमधला थोडका फरक निसटतो. पुण्याला हे ठाऊक आहे की नाही, मी विचारलेलं नाही. रविवारी मी एसटीनं जानेफळला जातो. वहिनी लॅपटॉप माझ्याकडे वळवतात आणि बाण हळूच बटणावर नेतात.

‘पाहा बरं भाऊजी. गडद झालं का?’

मी खुर्ची पुढे ओढतो, उन्हाची तिरीप हातानं अडवतो आणि घाई न करता बघतो.

‘झालं. पण जरासंच.’

‘जरासंच पायजे,’ वहिनी म्हणतात, आणि बाण पुढच्या बटणावर नेतात.