ट्रकच्या जाळीवरचं पिल्लू

कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात मी भाकरी थापते. तिथं एक ट्रकवाला रोज सकाळी चहाला थांबायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बाकीचे उतरले की गाडी पुसून घेतात. हा इंजिनापुढची जाळी तशीच ठेवायचा. रात्रभरात तिच्यात अडकलेले किडे टिपायला चिमण्या येत, आणि हा बशीत फुंकर घालत बघत बसे.

त्यात एक पिल्लू होतं. आई आता त्याला भरवत नव्हती, जवळ आलं की टोचून हाकलायची. ते जाळीवर बसून नुसतं तोंड वासायचं. पार सुकलं होतं. एक दिवस मी भाकरीचा चुरा टाकायला निघाले, तर यानं हात आडवा घातला.

"नका टाकू, मावशी. मंग ते तुमचीच वाट पाहत बसंल."

"मरून राहिलं ना बाबा ते."

"जाळी शिकलं तं रस्त्यावरचा हरेक ट्रक त्याचा हाय."

पिल्लानं जाळीत चोच घातली. आधी नुसता किड्याचा पंख निघाला. पुन्हा घातली, आणि अख्खा नाकतोडा ओढून काढला, आपटला, गिळला. ट्रकवाल्यानं मांडीवर थाप मारली. मला पाखरांचं कौतुक नाही, तरी मीही हसले.

तेवढ्यात मागं दुसरा ट्रक येऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर उतरायच्या आधीच पिल्लू त्या जाळीवर जाऊन बसलं होतं.