शेवटचे दोन कट

१९५४ सालची खंडेनवमी उद्यावर आली होती. पूजेसाठी लोखंड कातायचं लेथ रॉकेलनं पुसून ठेवायचं काम दरवर्षी माझं. फडकं घेऊन ठाण्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात गेले, तर लेथ चालूच.

आंबिवलीचा भातगिरणीवाला स्टुलावर ठाण मांडून बसलेला. त्याच्या गिरणीचा शाफ्ट मोडला होता आणि नवं भात दारात येऊन ठेपलं होतं. नवमीला यंत्र चालवायचं नाही, म्हणजे शाफ्ट आजच हवा. यजमानांच्या हातून दोन शाफ्ट बारीक होऊन वाया गेले होते. बेअरिंग त्यांवर सैल बसत होतं. पोलादाचा एकच तुकडा उरला होता.

"वहिनी, मी शाफ्ट मागितलेला, खुळखुळा नाही," गिरणीवाला म्हणाला. "हा पण गेला तर मी चाललो कल्याणला. पुन्हा इकडे येणार नाही."

यजमानांची चूक मला दिसत होती. मदतनीस आम्ही कधी ठेवला नाही. निम्मं काम मीच करत असे. माप जवळ आलं की ते भीतभीत केसाएवढा कट घ्यायचे. एवढ्या पातळ थराला टूल चावत नाही, नुसतं घासतं. मग ते आणखी थोडं पुढे सारायचे आणि टूल सगळंच एकदम ओरबाडायचं.

"अहो, बाजूला व्हा जरा."

"अगं, शेवटचा तुकडा आहे."

"म्हणूनच म्हणते."

टूलला नवी धार लावली. जेवढं काढायचं उरलं होतं त्याचे दोन सारखे भाग केले, दोन्ही टूलला नीट चावता येतील असे. पहिला कट घेतला. शाफ्ट गार होऊ दिला, कारण गरम लोखंड जाड भरतं. मग मापलं. ठरवलं होतं त्याहून जरा कमी निघालं होतं. तेवढंच दुसऱ्या कटात वाढवलं आणि त्याच वेगानं, मध्ये न थांबता, टोकापर्यंत नेलं.

पुन्हा गार केलं. बेअरिंग अंगठ्याच्या दाबानं सरकत जागेवर बसलं. गिरणीवाल्यानं दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही.

"आता ते दोन खुळखुळे कुणाला देणार?" शाफ्ट गोणपाटात गुंडाळत त्यानं विचारलं.

"ते माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेथला हळदकुंकू वाहिलं. नारळ बायकांनी फोडायचा नसतो, असं सासूबाई दारातून म्हणाल्या. यजमानांनी नारळ माझ्या हातात दिला. मी वाया गेलेला एक शाफ्ट उचलला आणि एका घावात नारळ फोडला.