विषय : छोटी हायब्रिड गाडी घेणे अगर न घेणेबाबत

अहमदपूरच्या तहसील कचेरीसमोर मी गेली तीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे आणि ते मी कधी लपवले नाही. कारण ज्यांचे शिक्षण त्यापुढे गेले, तेच माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात. दोन-दोन पदव्या घेतलेल्या माणसाला ‘माझ्या बांधावरचे झाड शेजाऱ्याने तोडले’ एवढे एक वाक्य सरळ लिहिता येत नाही. तो झाडापासून निघतो आणि शेजाऱ्याच्या मेव्हण्यापाशी जाऊन थांबतो. त्यातला बहुतेक भाग मी टाकून देतो आणि उरलेला साहेबाला समजेल अशा भाषेत मांडतो. साहेबालाही फारसे समजते असे नाही, परंतु तो माझा विषय नव्हे.

ही विद्या मी भूकंपाच्या वर्षी लातुरात शिकलो. तेव्हा ऐन तरुण होतो. कलेक्टर कचेरीबाहेरच्या लिंबाखाली एक पाट मांडून बसायचो आणि किल्लारीकडची माणसे रांगेने यायची. घर गेलेला प्रत्येक माणूस आपल्या घराविषयी तासभर बोलू शकत होता. पण ज्याच्या खिशात घरपट्टीची एखादी चुरगळलेली पावती निघे, त्याचाच अर्ज पुढे सरके. बाकीचे बोलत राहिले. तोंडी बोलण्याविषयी माझ्या मनात जी तुच्छता बसली, ती तेव्हापासूनची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या सासूबाई मुखेडला एकट्या राहतात. त्यांना मुलगा नाही. मुलगी एकच, ती माझी पत्नी. लेकीच्या घरी राहायचे नाही हा त्यांचा नेम असल्यामुळे त्यांना अहमदपूरला आणण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. जीव वाचला. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले, की दर आठवड्याला आणून व्यायाम करवून घेतला तर हात आणि पाय दोन्ही पुष्कळसे परत येतील. मात्र हे पहिल्या काही महिन्यांतच व्हायला पाहिजे, नंतर केलेले वाया जाते.

पहिल्या खेपेला आम्ही भाड्याची जीप केली. पायरी उंच असल्यामुळे त्यांना चढता येईना. शेवटी ड्रायव्हरने आणि एका परक्या माणसाने त्यांना उचलून आत ठेवले. येताना पुन्हा तेच. घरी पोचल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, “बाई, मला आता न्हेऊ नका. पोत्यागत उचलत्यात. पाय गेला तर जाऊ द्या.” आणि पुढच्या आठवड्यात त्या खरोखरच आल्या नाहीत.

तेव्हा पत्नीने मला सांगितले, “आपली ठेव मोडा न् एक बारकी गाडी घ्या. आईला आपल्या पायानं चढता-उतरता यील अशी.”

मागणी रास्त होती. मी ती दाखल करून घेतली. परंतु गाडी म्हणजे दुधाची पिशवी नव्हे, की गेले आणि आणली. मी पंधरा दिवस वर्तमानपत्रे वाचली आणि छोटी हायब्रिड गाडीच माझ्यासारख्या माणसाला शोभेल असे ठरवले. पेट्रोलही आहे आणि बॅटरीही आहे. एकाने दगा दिला तर दुसरे उभे. कोचिंग क्लासवाल्या सरांच्या काळ्या, रणगाड्याएवढ्या गाड्या लातूरच्या रस्त्यांवरून फिरतात, तसल्या गाडीचा मला तिटकारा आहे. आत एकच माणूस असतो आणि तोही फोनवर बोलत असतो.

हायब्रिड हा शब्द मी कचेरीसमोर उच्चारला आणि माझ्या गावाची बौद्धिक पातळी उघडी पडली. जो येईल तो विचारी, “चार्जिंगला कुठं लावायची?” ही गाडी चालता चालता स्वतःच बॅटरी भरते, हे मी दोन तलाठ्यांना, एका मुख्याध्यापकाला आणि रसवंतीवाल्याला समजावून सांगितले. रसवंतीवाल्याला समजले.

माझ्या शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकणारे चाचा बसतात. त्यांचे घराणे निजामाच्या काळापासून याच कामात आहे आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्याची सवयही तितकीच जुनी असावी. मी शोरूमकडून बॅटरीची हमी मुद्रांकावर लिहून घेणार आहे, हे ऐकून ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “मुन्शीजी, गाडी लेरे की दावा दाखल कररे?”

“नंतर पस्तावण्यापेक्षा आधी लिहून घेतलेलं बरं, चाचा.”

“भाभीकू लाते वक्त लिये थे क्या हमीपत्र?”

आसपासचे लोक हसले. मी त्यांच्याकडूनच मुद्रांक विकत घेतला.

लातूरच्या शोरूममध्ये आम्ही दोघे गेलो. तिथला विक्रेता तिशी ओलांडलेला होता. डॉक्टर व्हायचे म्हणून तो नांदेडहून लातूरला आला होता. दोन वर्षे क्लास केले, तिसऱ्या वर्षी पुन्हा केले आणि आता जे डॉक्टर झाले त्यांना गाड्या विकतो. हे त्याने स्वतःहून सांगितले, यावरून त्याची योग्यता लक्षात येईल. दर वाक्याला तो ‘सर’ म्हणत होता आणि दर दुसऱ्या वाक्यात ‘फ्युचर’ आणत होता.

“बॅटरी आठ वर्षं, सर. टेन्शनच नाही.”

“हे आपण कुठे लिहून देता?” मी विचारले.

“बुकलेटमध्ये आहे ना, सर.”

“बुकलेटवर आपली सही आहे का?”

मी बॅगेतून मुद्रांक काढला आणि मजकूर वाचून दाखवू लागलो. मजकूर चांगला उतरला होता. तेवढ्यात माझे लक्ष गेले, तर पत्नी गाडीचे मागचे दार उघडून खाली वाकली होती. तिच्या हातात सुतळी होती आणि सुतळीला एक गाठ. फरशीपासून सीटपर्यंत ती सुतळी धरून बघत होती.

“मॅडम, हे काय?” विक्रेत्याने विचारले.

“माझ्या आईची बाज,” ती म्हणाली. “बाजेवरनं ती आपल्या हातानं उठती. याच्यापेक्षा खाली असलं की उठता येत न्हाई. हे चार बोटं खाली हाय.”

“सीट वर करायची सोय आहे, मॅडम, पण ती फक्त ड्रायव्हरच्या सीटला.”

“म्हणजे यांनाच,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

पुढच्या डाव्या सीटचा विचार करण्याचे कारण नव्हते. गाडी मी चालवणार, आणि आमच्या सासूबाई जावयाशेजारी बसणे कदापि शक्य नाही. त्या माझ्याशी थेट बोलतही नाहीत. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. मी घरात शिरलो की डोईवर पदर येतो, बसलेल्या असल्या तर उठतात आणि मला काही सांगायचे असेल तर भिंतीला किंवा लेकीला सांगतात. मला हे मान्य आहे. मानपान सांभाळणारी माणसे आता राहिली कुठे?

शोरूमच्या मॅनेजरने मुद्रांकावर सही करण्यास नकार दिला. मी अहमदपूरला येऊन रीतसर अर्ज केला. एक प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयास आणि एक ग्राहक मंचास, माहितीस्तव. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवले. उत्तर आले, पण त्यात माझ्या मुद्द्यांपैकी एकालाही हात घातलेला नव्हता; बहुधा एखाद्या पदवीधराने लिहिले असावे. मी दुसरे स्मरणपत्र पाठवले. फाईल जाड होत गेली आणि, खोटे कशाला सांगू, मला ती बघून बरे वाटत होते.

पत्नी दर रविवारी एसटीने मुखेडला जाऊन येत होती. दुसऱ्या महिन्यात एकदा परत आल्यावर ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली. “आईचा पाय आत वळाय लागलाय,” ती म्हणाली. “बोटं तर उघडतच न्हाईत.”

“मुख्य कार्यालयाकडून या आठवड्यात अंतिम उत्तर अपेक्षित आहे.”

ती आत गेली, दोन लुगडी पिशवीत भरली आणि म्हणाली, “मी मुखेडलाच ऱ्हाते. तुमी लिहीत बसा.”

ती गेली. चार दिवस मी हॉटेलात जेवलो. चाचा रोज विचारत, “अपील मंजूर हुआ क्या?” पाचव्या दिवशी शोरूमच्या विक्रेत्याचा फोन आला. मॅनेजर माझी पत्रे पाहून वैतागला होता आणि त्याने याला सांगितले होते, की गाडी घेऊन त्या म्हातारबाईंच्या दारात जा, काय तो एकदाचा निकाल लाव. फुकट मिळणारी तपासणी नाकारण्याचे कारण नव्हते. मी होकार दिला, अर्थात सर्व हक्क राखून.

रविवारी सकाळी मुखेडच्या त्या अरुंद गल्लीत गाडी उभी राहिली. पत्नीने मागच्या सीटवर गोधडीची घडी घातली, वर हात ठेवून दाबून पाहिली, आणखी एक पदर वाढवला. सासूबाई काठी टेकत दारातून आल्या. माझी चाहूल लागताच उजव्या हातातली काठी लेकीकडे देऊन त्यांनी आधी पदर ओढला, मग पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या. पाय आत घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. मी फाईल उघडून दार किती अंशात उघडते याची नोंद बघत होतो.

चौकापर्यंत जाऊन आलो. गाडी मी चालवली. मागून सासूबाई लेकीला म्हणाल्या, “सुरू हाय का बंद हाय?” विक्रेत्याला केवढा आनंद झाला. “आजी, हीच तर गंमत आहे,” तो म्हणाला आणि बॅटरीविषयी बोलू लागला. त्यांनी ऐकले असेल असे वाटत नाही.

दारात परत आलो, तर उठता येईना. त्या काठावर सरकत, थांबत, पुन्हा मागे होत.

“आजी, हात द्या,” विक्रेता म्हणाला.

“नको लेकरा. बसू दे जरा.”

पाच मिनिटे झाली, दहा झाली. शेजारणी उंबऱ्यात आल्या. मी पत्नीला समजावून सांगू लागलो, की आपल्या मोजमापाप्रमाणे सीट चार बोटे खाली आहे, गोधडीने साधारण पाच बोटे वाढली आहेत, सबब उठता यायला हवे.

“अहो,” ती म्हणाली, “तुमी जरा तिकडं जा.”

“कुठे?”

“कुठंबी. गल्लीच्या भायेर.”

“गाडी मी घेणार आहे. तपासणी माझ्यासमोर व्हायला—”

विक्रेत्याने माझ्या कोपराला हात लावला. “सर, चला. चहा घेऊ.” तो आधीच पाठ फिरवून उभा होता. त्याला कळले होते आणि मला कळले नव्हते, हे इथे नमूद करतो.

आम्ही कोपऱ्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. चहा सांगितला नाही. थोड्या वेळाने हाक आली. वळून पाहिले तर सासूबाई आपल्या उंबऱ्यापाशी काठी टेकून उभ्या होत्या, डोईवर पदर नीट.

“कशा उठल्या?” मी पत्नीला बाजूला घेऊन विचारले.

“कशा म्हणजे? लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं, पाय भायेर टाकले न् दार धरून उठली. तुमच्या म्होरं कशी करंल ती?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “जीपच्या येळेलाबी चढली असती, हळूहळू. तुमी म्होरंच हुते, दवाखान्याचे कागद धरून. ‘लवकर करा, नंबर जाईल’ म्हणत हुते.”

माझ्या बगलेत फाईल होती. तिच्यात बॅटरी होती, मायलेज होते, हमी होती, दोन स्मरणपत्रे होती. अडचण मी आहे, असे तिच्यात कुठेही नव्हते. दुसऱ्याच्या गोष्टीतला एकच कामाचा भाग निवडून काढण्यावर मी तीस वर्षे पोट भरले. घरच्या गोष्टीत नेमका तोच टाकून दिला होता. कचेरीसमोर बसणाऱ्या ज्या माणसांना मी मूर्ख समजत आलो, त्यांच्या बाकावर मलाही एक जागा होती.

बुकिंगच्या फॉर्मवर मी गाडीच्या बॉनेटवरच सही केली. मजकूर वाचला नाही. विक्रेता ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स सर’ म्हणाला, आणि मी त्याला तेवढे म्हणू दिले.

आता दर गुरुवारी आम्ही लातूरला जातो. व्यायाम सुरू होऊन दीड वर्षावर झाले. पाय सरळ पडू लागला आहे. हाताची बोटे मात्र मिटली ती मिटलीच. दोन महिने आधी आणले असते तर, असे डॉक्टर एकदा म्हणाले. पत्नीने हे सासूबाईंना सांगितलेले नाही. मलाही तिने त्यावरून कधी बोलून दाखवलेले नाही, आणि ती बोलली असती तर मला सोपे गेले असते.

दवाखान्याच्या फाटकाशी मी गाडी थांबवतो, उतरतो आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ओळखीचे लोक जाता-येता बघतात. काहींनी विचारलेही. मी कोणाला खुलासा देत नाही. मागे दाराचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग काठी टेकल्याचा. पत्नी ‘या’ म्हणेपर्यंत मी वळत नाही.