खंडेनवमीचं मशीन

पहिल्यांदा टेप घेऊन दोन माणसं आली, तेव्हा मला वाटलं रंगकाम निघालंय. कार्यशाळेच्या भिंतींना ओल आली होती, पोपडे पडत होते, आणि त्यापायी मी प्राचार्यांचं डोकं खाऊन खाऊन थकले होते. एकानं टेपचं टोक भिंतीला दाबून धरलं, दुसरा खोलीभर हिंडून आकडे मोबाइलमध्ये बोलत राहिला. मी विचारलं, "कसलं माप घेताय हो?" तर म्हणे, "आम्हाला घ्यायला सांगितलंय, मॅडम." कोणी, कशाला, काही पत्ता नाही. दाराची रुंदी मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा मोजली. रंग द्यायला कोणी दार मोजतं का? पण माझ्या टाळक्यात तेव्हा उजेड पडला नाही.

मी सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात यंत्र शाखेला शिकवते. आमच्याकडे मुलींची वेगळी कार्यशाळा होती. सरकारच्या एका योजनेतून आली होती, आणि तिथली शिकवणारी माणसं म्हणजे आम्ही बायकाच. पुष्कळांना वाटायचं, मुली मुलांना लाजतात म्हणून हे नखरे. लाजतात कसल्या डोंबलाच्या! एका मशीनवर दहा जण असले की मुलं मशीन सोडतच नाहीत, आणि मुलींच्या हातात उरते ती झाडू आणि वही. हे मी स्वतः शिकत असताना भोगलंय. म्हणून ती योजना आली तेव्हा मी घरी शेंगापोळी केली होती.

मुली कुठून कुठून यायच्या. माढ्याकडच्या शेतकऱ्यांच्या, शहरातल्या मुसलमान घरांतल्या, पूर्व भागातल्या विणकरांच्या. त्यातल्या एकीत माझा जीव गुंतला होता. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची. नळाला पाणी यायचा दिवस असला की ही उशिरा यायची, आणि आल्या आल्या मागे पडलेलं सगळं भराभर उरकायची. आमच्याकडे संगणकावर चालणारं, धातू कातणारं एक मोठं लेथ मशीन होतं, सीएनसी म्हणतात ते. त्याच्यापाशी ती उभी राहिली की मला मागे उभं राहावं लागत नसे.

तिच्या वडिलांनी प्रवेश घेतानाच मला गाठून सांगितलं होतं. "मॅडम, मुलींचं येगळं हाय म्हणून पाठवतो. शिकवणाऱ्या तुमी हाय म्हणून पाठवतो. हे बदललं तर ती घरी." माणूस वाईट नव्हता. आवाजसुद्धा चढवला नाही. पण त्या मुलीचं सगळं शिक्षण त्या एका खोलीच्या आधारावर उभं होतं, आणि ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. कोर्स संपायला अजून बराच अवकाश होता.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या गावात चाक असेल, पातं असेल, त्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं. रिक्षाला माळ, पिठाच्या गिरणीला माळ, मागांना माळ. मुलींनी सकाळपासून मशीन पुसलं. पुसण्यात सगळ्यात पुढे आमची एक मुसलमान मुलगी होती. पूजेच्या वेळी ती बाजूला उभी राहिली आणि खोबऱ्याचा वाटा मात्र तिनं दुप्पट घेतला, "पुसने का मेहनताना है मॅडम" म्हणत. नारळ कोणी फोडायचा यावर जरा वाद झाला. विणकराच्या मुलीनंच हात पुढे केला. म्हणाली, "आमच्या घरी मागापुढे नारळ बायका फोडत नाहीत. हितं तरी मी फोडते की." एका दणक्यात फोडला बयेनं. कोणीतरी फोटो काढला.

आणि पूजा झाली की यंत्राला विसावा. थेट दसऱ्याला सुरू करायचं, तोवर बटणाला बोट लावायचं नाही. मागाशी खेळून बोटं गमावलेली माणसं ज्यांच्या घरात असतात, ते हा नियम मोडत नाहीत. मुलांच्या कार्यशाळेतही त्या दिवशी तेच होतं, दाराला तोरण आणि आत सामसूम.

दुपारी, काही न कळवता, समिती आली. योजना पुढे चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवणारी समिती. अध्यक्षसाहेब आत आले, माळा बघितल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "चालू करून दाखवा."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. साहेब विणकराच्या त्या मुलीसमोरच उभे होते. ती गडबडली, आणि गडबडली की तिच्या तोंडून तेलुगू निघायचं. "ई रोजु वद्दु सार," म्हणाली, आणि मग सावरून, "आज नको सर. आज त्याला विसावा असतो. उद्या चालवून दाखवते."

मी पुढे झाले, समजावून सांगितलं. साहेबांनी मान हलवली, हसले, चहा न घेता निघून गेले. बाहेर त्यांची गाडी उभी होती. तिच्या बॉनेटवर हातभर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू! मला असा संताप आला की ती माळ ओढून त्यांच्याच गळ्यात घालावीशी वाटली. पण नोकरदार माणूस, जीभ चावून गप्प बसले.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबांचं एक वाक्य गावभर झालं. "मुली मशीनला घाबरतात." एका स्थानिक पेपरात तसा मथळा आला आणि खाली तो नारळ फोडतानाचा फोटो. मोबाइलवरच्या प्रत्येक ग्रुपमध्ये तो फिरला. कोणी लिहिलं, विज्ञानाच्या पैशात पूजाअर्चा. कोणी लिहिलं, पोरींना मशीन कशाला, पोळपाट द्या. जे लोक पूजेवर तुटून पडले आणि जे पोळपाटावर हसले, ते एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. या बाबतीत मात्र त्यांचं झकास जमलं. तिच्या वडिलांना कारखान्यात कोणीतरी तो फोटो दाखवला. त्या दिवसापासून ते तिला न्यायला फाटकाशी येऊन उभे राहू लागले, हाताची घडी घालून, आत न बघता.

टेपवाले पुन्हा आले. या वेळी मुलांच्या कार्यशाळेपासून आमच्या दारापर्यंतचा रस्ता मोजला.

मग समितीनं जाहीर चर्चा ठेवली. विषय मोठा होता, तंत्रशिक्षणाचा पैसा कोणाला आणि का. सभागृह खच्चून भरलं. एक उद्योजक म्हणाले, मशीनला मुलगा-मुलगी कळत नाही. टाळ्या. मी उठून म्हटलं, मशीनला नाही कळत साहेब, मशीनभोवती गर्दी करणाऱ्यांना कळतं. थोड्या टाळ्या. मग माळशिरसकडचे एक वडील उठले. "माझ्या पोरानं काय पाप केलंय? त्येच्या कार्यशाळेतली निम्मी मशीनं बंद हायत. ह्या पोरींना नवं मशीन, आन् ह्या त्येला माळा घालत्यात. आमी कुटं जायचं?"

माणूस खरं बोलत होता. त्याचा मुलगा माझाही विद्यार्थी होता. बंद लेथवर हात फिरवत उभा राहिलेला मी त्याला बघितला होता. म्हणायला हवं होतं की दोघांनाही द्या. पण व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कोणी तो शब्द काढेना. एका ताटातलं काढून दुसऱ्यात कसं वाढायचं, एवढंच सगळे बोलत होते, आणि स्वयंपाकघरात कोणी डोकावत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी चालवून दाखवते."

ती होती. शेजारी तिचे वडील. ती उभी राहिली तसं त्यांनी तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवला. "सर म्हणतात आम्ही घाबरतो. उद्या सकाळी या. ज्यांना यायचंय त्यांनी या."

माझी छाती अभिमानानं भरून आली, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी व्यासपीठावर अध्यक्षसाहेब प्राचार्यांकडे बघून हसले. ते हसू मला आवडलं नाही.

सकाळी कार्यशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पेपरवाले, पालक, समितीची माणसं, दाराशी तिचे वडील. तिनं वेणी टोपीत खोचली, चष्मा चढवला, पितळेचा तुकडा पकडीत आवळला, मशीनचं दार बंद केलं आणि हिरवं बटण दाबलं. काचेआड पाण्याचा फवारा उडाला, पितळेचे पिवळे केस सुटून पडू लागले. थोड्या वेळात तिनं दार उघडून आतून एक भोवरा काढला, फडक्यानं पुसला आणि साहेबांच्या हातावर ठेवला. अजून कोमट होता. साहेबांनी तो टेबलावर फिरवला. असा फिरला, असा फिरला, की जागचा हलेना. माळशिरसचे ते वडील सगळ्यात आधी टाळ्या वाजवू लागले. मला रडू फुटलं.

साहेबांनी भोवरा थांबायची वाट बघितली. मग कॅमेऱ्यांकडे वळून म्हणाले, "वा! ही आहे आपली लेक. जिला इतकं येतं, तिला वेगळ्या खोलीच्या कुबड्या कशाला? मुलामुलींची एकच कार्यशाळा. खरी समानता ती हीच." परत टाळ्या. आधीपेक्षा जोरात. भोवरा त्यांनी खिशात टाकला.

माझं डोकं सुन्न झालं. येत नाही म्हणून पैसा बंद, आणि येतं म्हणूनही बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, करायचं काय माणसानं? मी ओरडले, "अहो साहेब, येतं ते या खोलीमुळे येतं!" पण लोक फोटो काढायला पुढे सरकले होते आणि माझा आवाज त्यांच्या पाठींवर आपटून परत आला.

तिनं टोपी काढली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे नाही बघू शकले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मशीन आमच्या दारातून बाहेर निघालं. दार पुरलं, मोजलंच होतं तसं. मुलांच्या कार्यशाळेत मधोमध ठेवलं, वर "सर्वांसाठी" असा फलक लावला. आमची खोली कुलपात गेली. वेळापत्रकात मुलींची पाळी संध्याकाळी, मुलांनंतर आली. मुसलमान मुलीनं शाखा बदलून घेतली, संगणकाकडे गेली. माढ्याकडच्या येत राहिल्या, भिंतीला टेकून, हातात वही घेऊन.

ती आलीच नाही. मी तिच्या घरी गेले. मागांच्या खडखडाटात गल्लीभर हाका मारत मी दार शोधलं. वडिलांनी चटई अंथरली, आईनं विड्यांचं सूप बाजूला सारून पाणी दिलं. ती आत होती. बाहेर आली नाही. मी खूप बोलले. मी स्वतः संध्याकाळी थांबेन म्हटलं, रोज घरी आणून सोडेन म्हटलं, हातापाया पडायचीच बाकी राहिले. ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी.

"मॅडम, मी बघितलं की तिथं उभा राहून," ते म्हणाले. "सगळं येतंय तिला. मोठे साहेबच म्हणले, सगळं येतंय. मग आता बास झालं की."

त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. तेच मला सहन होईना. चिडले असते तर मी भांडले असते.

यंदाची खंडेनवमी आली. मुलांनी मशीन पुसलं, माळ घातली, नारळ फोडला. दुपारी तीच समिती, तेच साहेब. म्हणाले, "जरा चालू करा बघू." माळशिरसचा तो मुलगा हात जोडून म्हणाला, "आज न्हाय सर, आज त्येला इसावा." साहेबांनी पटकन चपला काढल्या, मशीनला नमस्कार केला. "हो हो, बरोबर आहे. परंपरा पाळलीच पाहिजे." आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून निघाले. जाताना त्यांच्या मागून टेपवाले आत आले. टेपचं टोक भिंतीला दाबून धरलं. दाराची रुंदी मोजली. पोरं त्यांच्याकडे बघत खोबरं खात होती. कोणी काही विचारलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे विचारा रे, कशासाठी मोजताय ते आत्ताच विचारा!

तेवढ्यात फोन वाजला. तिचा होता, वर्षभरानं. मागे मागांचा आवाज नव्हता; त्यांनाही आज विसावा.

"मॅडम, मशीनला हळद लावली?"

"लावली गं."

"बरं." मग म्हणाली, "नारळ कोणी फोडला?"

मी म्हटलं, "पोरांनी."

"एका दणक्यात फुटला?"

फुटला नव्हता. चार वेळा आपटावा लागला होता. मी ते सांगितलं, तर ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला, आणि फोन बंद झाला.