वळणाआधी ब्रेक

चौपन्नाव्या वर्षी मी गाडी शिकायला गेले, तेव्हा मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, हौस म्हणून का?" मी हो म्हणाले. खरं कारण मागच्या सीटवर बसलं होतं आणि सरांच्या गिअर टाकण्याकडे नापसंतीने बघत होतं.

ते माझे वडील. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वय एक्याऐंशी. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी नागपूर–काटोल–नरखेड हीच गाडी चालवली. काचबिंदूने उजवा डोळा आधीच नेला होता आणि डाव्याची नजर कडेकडून आवळत चालली होती. समोर ठेवलेला कप दिसायचा, त्याच्या शेजारची बशी दिसायची नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते किती टिकेल सांगता येत नाही. बाबांनी घरी येऊन आपलं लायसन देवघराच्या फळीवर ठेवलं आणि त्यानंतर सायकललाही हात लावला नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. काटोलच्या पुढे एक मोठं डावं वळण होतं आणि त्या वळणाला लागून संत्र्याची बाग. जानेवारीच्या शेवटी बाग फुलायची. वळण घेताना गाडीच्या पूर्ण काचेत फक्त पांढरी फुलं यायची, रस्ता दिसायचाच नाही, असं ते सांगायचे.

"तेवढं एकदा पाहाचं हाय मले," ते म्हणाले. "मंग नाही दिसलं तरी चालते."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या एसटीने जाऊ.

"त्या रोडनं म्या प्याशिंजर म्हणून जाऊ? काही बी बोलते."

"मग भाड्याची गाडी करू."

"अन् तो पोरगा वळणात ब्रेक मारन, ते म्या बसून पाहू? तू शिक ना वं. तू ड्रायव्हर, मी कंडक्टर."

भाऊ परदेशी गेल्यापासून त्याची गाडी आमच्या दारात धूळ खात उभी होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, म्हणजे बसून असते. नाही म्हणायला कारण नव्हतं.

स्कूलच्या भिंतीवर सरांचा कोणा पाहुण्याकडून सत्कार स्वीकारतानाचा मोठा फोटो होता आणि त्याखाली 'सुरक्षा हाच आमचा श्वास'. असा श्वास मी पूर्वीही पाहिला होता. बाबांचा विनाअपघात सेवेबद्दल सत्कार झाला, तो रस्ता सुरक्षा सप्ताहात. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि वेळ वाचवायला त्यांच्या गाड्या उलट्या बाजूने शिरल्या. ड्रायव्हर लोक टाळ्या वाजवायला उभेच होते. बाबांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "तिसऱ्या गाडीचा ब्रेक लाइट बंद होता."

बाबा पहिल्या दिवसापासूनच मागे बसले, त्यामुळे सरांचं शिकवणं तिथेच संपलं. सर म्हणत, "आता क्लच सोडा." बाबा म्हणत, "बेल झाली नाही." एसटीत कंडक्टरने एक बेल मारली की थांबायचं आणि दोन मारल्या की निघायचं. ते घराची किल्ली काचेवर दोनदा वाजवत, तेव्हाच मी क्लच सोडायचा. एकदा वाजली की जिथे असेन तिथे, आरसा बघून, थांबायचं.

"काका, तुम्ही शिकवून राहिले का मी?" सरांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"तुम्ही गाडी शिकवा गा. मी थांबणं शिकवतो."

आणि खरंच शिकवलं. ढोर रस्त्यात उभं असेल तर त्याच्या मागून काढायची, कारण ते पुढे जाईल, मागे सरकणार नाही. पुढच्या ट्रकचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत, तेवढं अंतर ठेवून थांबायचं. समोरच्याचा लाइट डोळ्यावर आला तर लाइटकडे बघायचं नाही, आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेकडे बघायचं. हॉर्न म्हणजे विनंती, शिवी नाही. आणि सगळ्यांत वरचा नियम: ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. "वळणात फक्त वळाचं. जे काही घाबराचं असंन ते आधी घाबरून घे."

महिनाभरात माझा पाय बेलेवर चालायला लागला. काचेवर टक् झालं की मी विचार करायच्या आत ब्रेक दाबलेला असायचा. बाबा खूश होते. शिकाऊ लायसनवर हायवेला जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. डिसेंबरात पक्क्या लायसनची चाचणी होती, जानेवारीत फुलं. वेळापत्रक त्यांनी एसटीसारखं बसवलं होतं.

चाचणीच्या मैदानात आरटीओचे साहेब माझ्या शेजारी बसले. हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. मागे घेणं झालं, वळवणं झालं, शेवटी चढ राहिला. चढावर मी निम्म्यात असताना त्यांचं बॉलपेन चालेना. त्यांनी ते पुठ्ठ्यावर आपटलं. टक्.

मी थांबले. इतक्या तत्परतेने की साहेबांचं कपाळ पुढे गेलं, गाडी बंद पडली आणि चढावरून सावकाश मागे आली. मागे रांगेत सतरा-अठरा जण होते, बहुतेक माझ्या कॉलेजात शोभतील अशा वयाचे. त्यातली एक मुलगी खरंच आमच्याच कॉलेजातली निघाली.

"काहून थांबल्या मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"बेल झाली," मी म्हणाले.

हे उत्तर दुसऱ्या दिवशी माझ्याआधी ग्रंथालयात पोचलं होतं.

बाबा मात्र ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बरोबर थांबली वं! बेल मारली त थांबाच लागते. सायबाची चूक हाय." मग म्हणाले, "आठ दिवसानं पुन्हा जा."

मी म्हणाले, बघू.

आठ दिवसांनी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी होती. त्यानंतर सर्दी. त्यानंतर परीक्षा. कारण मिळणं मला कधीच अवघड गेलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या शाली आणि हारांना हसत आले, आणि मैदानातल्या अठरा पोरांसमोर गाडी मागे आली हे मला पाच महिने पचलं नाही. बाबा दर सोमवारी विचारायचे, "मंग? जातं का या हप्त्यात?" जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी त्यांनी विचारलं नाही. मला हायसं वाटलं, हे लिहिलं पाहिजे.

मार्चमध्ये एका दुपारी ते पंख्याचं बटण भिंतीवर चाचपताना दिसले. मी लावून दिला. "वारा आला," ते म्हणाले. नंतर कळलं, पंधरा दिवसांपासून त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मी घाबरून चाचणीला गेले असते आणि घाबरून गाडी चालवू नये.

मे महिन्यात मी पास झाले. साहेब तेच होते. या वेळी त्यांनी पेन्सिल आणली होती.

लायसन हातात आलं त्या रविवारी सकाळी बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून, मागे डाव्या बाजूला पट्टा लावून बसले. मी म्हटलं, "बाबा, आता फुलं नसतात." ते म्हणाले, "मालूम हाय मले. रोड त हाय ना."

काचेवर दोनदा किल्ली वाजली. मी निघाले.

काटोल नाका सोडल्यावर ते बोलायला लागले. आता चढ येईल. आला. आता उजवीकडे शाळा, स्पीड कमी कर. शाळा होती. काटोलपर्यंत त्यांचं बरंचसं बरोबर आलं, आणि प्रत्येक वेळी आरशात त्यांचा चेहरा बघून मला वाटलं की झालं हेही पुष्कळ झालं. काटोलच्या पुढे रस्ता रुंद झाला. नवा सिमेंटचा, मधोमध दुभाजक, दोन्ही बाजूंनी मोकळा.

"आता येते," ते म्हणाले. "मोठं डावं. ब्रेक आधी."

मी ब्रेक लावला. आरशात बघितलं. बाबांनी दारावरची मूठ घट्ट धरली होती आणि ते डावीकडे झुकले, सबंध अंगाने, वर्षानुवर्षं झुकत आले असतील तसे. रस्ता नाकासमोर सरळ चालला होता. वळण काढून टाकलं होतं. बाग असायची तिथे खडीचे ढीग होते.

ते झुकलेलेच होते. मग मी एक गोष्ट केली. मागे कोणी नाही असं बघितलं, डावा इंडिकेटर दिला आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी हळूहळू उजव्या पट्ट्यातून डाव्या पट्ट्यात घेतली. जेवढं वळण देता आलं तेवढं दिलं.

इंडिकेटर टिकटिक करत राहिला.

बाबा सरळ झाले. "वळणाले इंडिकेटर काहून देते वं?" ते म्हणाले. "रोड वळते तवा आपण देत नाही. आपण वळतो तवा देतो."

मी इंडिकेटर बंद केला.

"काढलं का वळण?"

"हो बाबा. सरळ केलं."

"अन् बाग?"

"नाही."

काचेवर एकदा किल्ली वाजली. मी आरसा बघून गाडी कडेला घेतली, थांबवली. ऊन तापायला लागलं होतं. एक मोटारसायकल गेली, एक एसटी गेली. एसटीच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली आणि ती पार जाईपर्यंत तशीच ठेवली.

"जानेवारीत होती का?" त्यांनी विचारलं.

निघण्याआधीच मी चौकशी केली होती. बाग फेब्रुवारीत तोडली. फुलावर होती.

"माहीत नाही बाबा," मी म्हणाले.

"हं." मग म्हणाले, "चाल परत."

"मधे दुभाजक आहे. पुढे जाऊनच फिरवता येईल."

"मंग पुढं चाल. उलट्या बाजूनं नको घालू."

दोन बेला वाजल्या. दुभाजकाची फट दोनेक किलोमीटरवर होती. मी ब्रेक आधी लावला, इंडिकेटर दिला आणि गाडी फिरवली. त्या दिवसातलं ते सगळ्यांत मोठं वळण होतं. आरशात बघितलं, तर बाबा झुकले नव्हते. किल्ली शर्टाच्या खिशात टाकून, हात मांडीवर ठेवून, प्याशिंजरसारखे बसले होते.